डब्यातले शिक्के

शितांग गावातली कुत्री मरायला लागली, तेव्हा शिंगकाकूंनी डबा जागेवरून हलवला.

इतकी वर्षं तो चुलीवरच्या फळीवर असायचा, मिठाच्या बरणीशेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असा. मूनकेक मिठाईचा जुना पत्र्याचा डबा. झाकणावर चंद्रावर राहणारी बाई, तिचा चेहरा गंजून अर्धा गेलेला. आणि आत गावातल्या एकूण एक घराचा शिक्का. बोटाएवढे लाकडाचे तुकडे, काही म्हशीच्या शिंगाचे, आणि प्रत्येकाच्या बुडाला त्या घरच्या कर्त्याचं नाव उलटं कोरलेलं.

डबा काकूंच्या नवऱ्याच्या वेळचा. शेती सगळ्यांची मिळून होती त्या काळात हुओशेंग तुकडीचा नायक होता. बी आलं, उमटव शिक्का. खत आलं, उमटव शिक्का. कापड आलं, तरी तेच. लोक गुडघाभर चिखलात, वर यायचा कंटाळा. "हुओशेंगदा, तुझ्याकडेच राहू दे की तो, तूच उमटव!" असं बांधावरून ओरडून सांगायचे आणि पुन्हा वाकायचे. पुढे शेतं घराघराला वाटली गेली, तुकडी संपली, हुओशेंगही एका पावसाळ्यात तापाने गेला. डबा तेवढा राहिला. अंत्यविधीनंतर कुणी तो परत मागितला नाही, आणि द्यायला हवा असं काकूंनाही सुचलं नाही. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण कुठला शिक्का कुणाचा ते हाताला ठाऊक होतं.

"माझ्याशी नीट वागा हं," लग्नाकार्यात त्या बायकांना म्हणायच्या, "तुम्हा सगळ्यांच्या नवऱ्यांची नाकं माझ्या डब्यात आहेत!"

बायका खिदळायच्या. ती गंमत काकूंनी या वर्षी एकदाही केली नव्हती.

या वर्षी नदीकाठच्या शेतांवर शहरातल्या एका कंपनीची नजर पडली होती. भातखाचरं, कमळाची तळी, पाणशिंगाड्याची डबकी, सगळं भरून काढून तिथे तळ्याकाठचे बंगले आणि गोल्फचं मैदान होणार होतं. खांबावरचा भोंगा सकाळ-संध्याकाळ तेच सांगायचा: गावाचं भलं, सरकारचं भलं, आडमुठेपणा करू नका. गावाच्या तोंडाशी दोन पांढऱ्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या, नंबरपाट्या नसलेल्या. आतले दाढी वाढलेले पोरगे दिवसभर पत्ते कुटायचे. कुणाशी बोलायचे नाहीत. नुसते बघायचे, कोण कुठे राहतं, कुणाचं पोर किती वाजता शाळेतून येतं. मग एकेका दारातलं कुत्रं तोंडाला फेस येऊन पडू लागलं.

काकूंनी डबा खारवलेल्या मोहरीच्या पानांच्या मोठ्या रांजणात घातला, तेलकट कापडात गुंडाळून, पाल्याखाली, आणि वर दगड ठेवला.

डबा हलवला आणि देबियाओ आला. गावचा प्रमुख, हुओशेंगचा चुलतपुतण्या. लहानपणी याच ओसरीवर बसून त्याने काकूंच्या हातचा भात ओरपला होता. हातात संत्र्यांची जाळी.

"काकू, जेवलात का?"

"जेवले. तू?"

"आमचं कसलं जेवण! बैठका, नुसत्या बैठका." तो बाकावर टेकला, पाय लांब केले आणि सहज बघावं तसं वर बघितलं. "डबा दिसत नाही फळीवर."

"उंदीर फार झालेत."

"उंदीर पत्रा खातात?"

"हल्लीचे खातात."

देबियाओ मोठ्यांदा हसला. मांडीवर थाप मारून हसला. मग हसणं एकदम थांबलं, दिवा जावा तसं.

"एक दुपारभर द्या, काकू. जमिनीच्या कागदांवर उमटवून परत आणून ठेवतो."

"सगळ्यांना विचारलंस?"

"शिक्के तुमच्याकडे ठेवलेत म्हणजे विश्वासच आहे ना त्यांचा."

"सभा घे. पूर्वजांच्या दालनात बोलाव सगळ्यांना."

"सभा? झाली की सभा. तुम्ही नव्हता?"

"नव्हते."

"आता बघा," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "कागदावर तर तुम्ही आहात."

काकूंच्या हातातली शेंग मोडायची राहून गेली. देबियाओ उठला, दारात थांबला, चपलेचा चिखल उंबऱ्याला पुसला.

"तुमच्या मिंगखायचं काय चाललंय? कायम होणार होता ना शाळेत या वर्षी? आणि सूनबाईंना आता बरेच महिने झाले असतील." त्याने जाळी खाली ठेवली. "जपा. थंडीत रस्ते निसरडे असतात. पूर्वजांच्या पूजेआधी येतो मी."

तो गेल्यावर काकूंनी संत्र्यांकडे बघितलं. खायला धीर झाला नाही, टाकायलाही नाही. शेवटी एक सोलून डुकराला घातलं, आणि डुक्कर मरतं का ते बघत गोठ्याशी बसून राहिल्या. डुक्कर मेलं नाही. आणखी मागायला लागलं. काकूंना हसू आलं, आणि हसता हसता आपले दात वाजतायत हे त्यांच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लियानचा शिक्का खिशात टाकून त्या बाहेर पडल्या. डबाच उरला नाही तर मागणार काय? ज्याचा त्याला देऊन टाकायचा, संपलं! इतकी साधी गोष्ट रात्रभर सुचली नाही याचा त्यांना रागच आला.

लियान शेजारची. नवरा शहरात इमारतींवर कामाला, ती आणि दोन मुली कमळाच्या तळ्यावर राबायच्या. ती कंबरभर पाण्यातून कंद उपसत होती.

"लियान, बाहेर ये. तुझा शिक्का घे."

लियान बाहेर आली. तळहातावरच्या लाकडाच्या तुकड्याकडे तिने असं बघितलं की जणू विंचूच धरलाय कुणी समोर.

"माझ्याकडे नको, काकू."

"अगं, तुमचाच आहे."

"यांच्या मागे मी एकटी. ते पत्तेवाले आले घरी, तर मी काय करू? पोरी आहेत माझ्या."

"माझ्याकडे राहिला तर ते माझ्याकडे येतील."

"तेच म्हणते ना मी," लियान बोलून गेली.

बोलून गेली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. चिखलाचे हात तिने तोंडाला लावले. मग उगाच धावपळ करत थर्मासमधला चहा ओतला, "घ्या ना, गरम आहे, घ्या," आणि काकूंनी तो घेतला, कारण न घेऊन लियानला आणखी लाजवायचं कशाला. चहाला तळ्याचा वास येत होता.

दिवसभर काकू घराघरांत फिरल्या. एकाने सांगितलं, पुढच्या आठवड्यात या. एकीने आतून कडी लावली. एक म्हातारा म्हणाला, "सगळे घेत असतील तर मीही घेतो," आणि हेच वाक्य पुढे इतक्या घरांत ऐकू आलं की कोण आधी म्हणालं तेही काकूंना आठवेना.

शेवटी त्या दालनात गेल्या. पांग घराण्याच्या पूर्वजांच्या नावांच्या पाट्या तिथे ओळीने उभ्या, आणि त्यांची देखभाल करणारा थिए आजोबा पायरीवर बसून भट्टीच्या विटा घासत होता. सूर्य उत्तरेकडे वळतो त्या दिवसाची पूजा जवळ आली होती. त्या दिवशी अख्खी डुकरं भाजायची, पूर्वजांना दाखवायची आणि घरटी वाटा द्यायचा.

"घेतला कुणी?" आजोबाने मान वर न करता विचारलं. बातमी काकूंच्या आधी पोचली होती.

"कुणी नाही."

"भित्री जमात!" तो थुंकला. "आणि मांसाला बघ कशी येतील! शहरातून बस धरून येतील, बोटीने येतील, मेलेलेसुद्धा उठून येतील. गेल्या वर्षी वाट्याला हाड जास्त आलं म्हणून भांडला तो देबियाओ, स्वतः गावचा प्रमुख असून!"

"न घेऊन कसं चालेल," काकू म्हणाल्या. "पूर्वजांनी दिलेला वाटा. तो नाकारला की घराण्यातून नाव गेलं."

"जिवंतपणी कुणी नाकारलाय? माझ्या ऐकण्यात नाही. हात पुढे करायचा, घ्यायचा, वाकायचं."

आजोबाचा विटेवरचा हात थांबला. काकूंनी त्याच्याकडे बघितलं. त्याने काकूंकडे.

"वाटे कोण बांधतं?" आजोबाने हळूच विचारलं.

"आम्ही बायका."

"आणि हाका मी मारतो," तो म्हणाला. लगेच त्याने मागे वळून दालनाच्या दाराकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. पाट्यांशिवाय तिथे कुणी नव्हतं.

पूजेच्या आदल्या संध्याकाळी मिंगखाय आला. त्या दिवशी गावाची वीज तोडली होती, दुरुस्तीसाठी म्हणे. अंधारत चाललेल्या स्वयंपाकघरात तो टोपी न काढता उभा राहिला.

"बस. भात टाकते."

"नको. आई, माझ्या वर्गावर दुसरा माणूस उभा केलाय."

काकूंनी तांदळाचं भांडं खाली ठेवलं.

"हेडमास्तर म्हणाले, घरी जा, आईचं मन वळव, वळलं की ये. सगळ्या मास्तरांसमोर म्हणाले. पोरं खिडकीतून बघत होती." त्याने टोपी कपाळावर ओढली. "डबा दे ना, आई. सगळे तसेही उमटवणारच आहेत. आपणच कशाला मरायचं मध्ये?"

"सगळे उमटवणार असतील तर त्यांना डबा कशाला हवा?"

"तू ना, वाद घालू नकोस माझ्याशी!"

आणि तो सरळ रांजणाकडे गेला. लहानपणी त्याच्यापासून खडीसाखर लपवायची ती याच रांजणामागे, आणि पोराला दर वेळी सापडायची. त्याने दगड उचलला, बाही न सारताच खाऱ्या पाण्यात हात घातला. पाल्याचा आंबूस वास खोलीभर झाला. पत्रा खणकन वाजला.

काकू जागच्या हलल्या नाहीत.

"सापडला ना? काढ. पण एक कर. तुझ्या बापाचा शिक्का सगळ्यात वर आहे. आधी तो हातात घे. मग बाकीचे ने."

मिंगखाय कोपरापर्यंत पाण्यात हात घालून तसाच उभा राहिला. मग हात बाहेर काढला, रिकामा. तो खाली बसला, चुलीशी, ओल्या बाहीतून पाणी ठिबकत होतं.

"मला भीती वाटते, आई."

"मला वाटत नाही होय?"

"तुला? तुला कधी वाटली?"

"डुकराला संत्रं घालून बघितलं मी, विषाचं आहे का म्हणून."

तो हसला. हसण्यातच नाक ओढलं. दोघं चुलीतल्या निखाऱ्यांकडे बघत बसली. मग तो उठला आणि उद्या पूजेला येतो म्हणून निघून गेला.

त्याची सायकल वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा काकूंनी रांजणातून डबा काढला आणि दुसरीकडे लपवला. मुलाने कुणाला सांगितलं तर? सांगणार नाही. पण मारलं तर? बायकोचं नाव घेतलं तर? पोटच्या पोरापासून डबा लपवताना त्यांना जेवढी भीती वाटली, तेवढी देबियाओच्या जाळीची वाटली नव्हती. ज्या गावात आपण सून म्हणून आलो आणि एवढे केस पिकवले, त्या गावात आता आपल्याला आपलं माणूसही ओळखू येत नाही, असं त्यांना वाटलं.

दालनात माणूस मावत नव्हता. उदबत्त्यांचा धूर, भाजलेल्या कातडीचा खमंग वास, बाहेर फटाक्यांच्या माळा. पत्तेवाले पोरगे अंगणाच्या भिंतीवर येऊन बसले होते आणि फटाका फुटला की लोक आधी त्यांच्याकडे बघत होते. देबियाओ खांबाशी, नवा कोट घालून. त्याच्या शेजारी हेडमास्तर. आणि हेडमास्तरांच्या मागे मान खाली घालून मिंगखाय.

मागच्या खोलीत बायका मांसाचे वाटे कमळाच्या वाळक्या पानात बांधत होत्या. गाठ मारायचं काम काकूंनी मागून घेतलं होतं. लाल सुताची गाठ, आणि गाठीत लोंबणारा शिक्का. पहिलीच गाठ लियानने बघितली. तिचे हात थांबले. ओरडली असती तर सगळं तिथेच संपलं असतं. ती ओरडली नाही. तिने पुढचं पान उचललं, मांस ठेवलं आणि काकूंकडे न बघता त्यांच्या पुढ्यात सरकवलं.

वाटा पूर्वजांसमोर दोन्ही हातांनी घ्यायचा असतो. सगळ्यात थोरल्या शाखेला पहिली हाक.

"देबियाओचं घर!"

तो हसत पुढे आला, हात पुढे केले. काकूंनी पुडकं त्याच्या हातांत ठेवलं. सुताला लटकणारा लाकडाचा तुकडा हलला आणि त्याच्या मनगटावर टेकला. त्याच्याच बापाने कोरून घेतलेला. देबियाओच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतलं गेलं. समोर त्याच्या बापाची पाटी, मागे सगळं गाव. तो वाकला. वाकावंच लागलं.

"काकू," तो ओठ न हलवता म्हणाला, "शिक्के कोरणारा बाजारात बसतो. एका दुपारचं काम."

"माहितीये रे," काकू म्हणाल्या. "पण मग ते तू कोरलेले."

पुढची हाक. पुढची. प्रत्येक जण हात पुढे करायचा आणि मगच त्याला शिक्का दिसायचा. एकाचा हात निम्म्यावरून मागे आला, मागून कुणीतरी खाकरलं, तेव्हा पुन्हा पुढे गेला. लियान आली, नवऱ्याच्या नावाने. तिने पुडकं छातीशी धरलं आणि पळत सुटावं तशी गर्दीत शिरली. अंगणातली हसणी-बोलणी थांबली होती. फक्त हाका ऐकू येत होत्या.

थिए आजोबाने स्वतःचीच हाक मारली, स्वतःच "आलो" म्हणाला. कुणाला हसावं की नाही कळेना. त्याने शिक्का सुतातून ओढून काढला, तोंडात घातला आणि उरलेल्या दातांनी त्याच्या काठाचा टवका काढला.

"हा!" तो लाकूड थुंकत म्हणाला. "आता याला माझ्या दाताची खूण आहे. ज्या कागदावर माझं नाव अख्खं उमटेल, तो कागद मी उमटवलेला नाही. या सगळ्या म्हाताऱ्यांसमोर सांगतो," आणि त्याने पाट्यांकडे हात केला.

खाटकाचा सुरा एका हातातून दुसऱ्या हातात गेला. काहींनी शिक्क्याला खाच पाडली. काहींनी सुरा न बघितल्यासारखं केलं आणि पुढे दिला. भिंतीवरचा एक पोरगा खाली उतरला आणि फोन कानाला लावून बाहेर गेला.

एकच पुडकं उरलं.

"हुओशेंगचं घर!"

हेडमास्तरांनी मागे वळून बघितलं नाही. फक्त थोडे बाजूला झाले, वाट द्यावी इतके, की अडवावी इतके, ते काकूंना कळेना. मिंगखाय हलला नाही. आजोबाने घसा खाकरून पुन्हा हाक मारली. काकूंना वाटलं, नको येऊस बाळा, तिथेच राहा, तुझी शाळा सांभाळ. आणि त्याच क्षणी वाटलं, ये रे.

तो आला. दोन्ही हातांनी पुडकं घेतलं, वाकला, आणि वाकलेलाच राहून पुटपुटला, "आई, मोहरीचा वास येतोय याला."

"येणारच," काकू म्हणाल्या. आणखी काही बोलल्या असत्या तर रडू फुटलं असतं.

मिंगखायला शाळेत परत घेतलं नाही. तो आता आईबरोबर तळ्यात उतरतो. गावच्या फळ्यावर कागद लागले, सगळ्या घरांचे शिक्के असलेले, एकूण एक अख्खे, काठ शाबूत. थिए आजोबा आपला चावका शिक्का घेऊन फळ्यासमोर उभा राहिला आणि येईल त्याला दाखवत बसला. दुसऱ्या सकाळी कागद तिथे नव्हते, आणि आजोबाच्या खिडकीला काचही नव्हती. मग पत्तेवाले एकेका घरी जाऊ लागले, जिथे खाच नव्हती तिथे आधी. एके दिवशी लियान कुंपणापाशी आली. तिच्या बोटांना शिक्क्याची लाल शाई होती. तिने ती लपवली नाही, धुतलीही नव्हती. काकूंनी तिला चहा दिला.

लियानच्या तळ्यात आता माती पडते आहे. बांधावर पिवळं यंत्र उभं असतं, सोंड जमिनीला टेकवून. त्याच्या पुढची शेतं अजून आहेत.

फळीवर मिठाच्या बरणीशेजारी रिकामी जागा राहिली आहे. डबा सुनेने सुया-दोऱ्यासाठी मागून नेला. काकू चिखलात वाकून कंद उपसतात, शेजारी मिंगखाय, पलीकडच्या खाचरात आणखी कुणी. गावाच्या तोंडाशी एखादी गाडी सुरू होते. आवाज पाण्यावरून येतो, आणि काकूंचा चिखलाचा हात आपसूक कमरेच्या खिशाकडे जातो. शिक्का तिथे आहे ना हे बघून त्या मान वर करतात. दूरवर सगळ्या खाचरांतून माणसं तशीच उभी असतात, एक हात खिशावर ठेवून, गाडी कुणाच्या दाराशी थांबते ते ऐकत.